दाराएवढी जागा

शिंपलेबाई फोनवर "नाही" म्हणाल्या आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो. बेत आखून खोटं बोलणारे लोक निदान आधी घसा तरी खाकरतात. बाईंनी तेवढीही तयारी केली नव्हती. पलीकडच्या मुलीने सरळ विचारलं होतं, की समुद्रतळाच्या त्या धुराड्यांवरून पूर्वी कधी वर आणलेलं काही तुमच्या संग्रहात आहे का, एखादा शिंपला, एखादी गोगलगाय; आणि बाई तितक्याच सरळपणे म्हणाल्या होत्या, "नाही. त्या भागातलं माझ्याकडे काही नाही." मुलीने आभार मानले, कामात व्यत्यय आणल्याबद्दल माफी मागितली आणि फोन ठेवला. बाईंचा हात मात्र रिसीव्हरवरच राहिला. खुर्चीतून न उठता हात लांबवला तर बोटं लागतील अशा फळीवर काळ्या झाकणाची ती बरणी उभी होती. तिच्या मागे तिची जोडीदारीण, जरा मोठी. दोघी बावीस वर्षं तिथेच उभ्या होत्या. खोलीतल्या बाकीच्या हजारो बरण्यांमधलं उडून गेलेलं स्पिरिट खात्यातलं कुणीही भरे. या दोघींचं बघायचं काम मात्र बाईंनी कधी दुसऱ्याकडे दिलं नव्हतं.

ती मुलगी संपत चाललेल्या प्राण्यांची यादी ठेवणाऱ्या कचेरीतली. बाईंनी तिचं नाव नीट ऐकलंच नाही आणि मनातल्या मनात तिला यादीवाली करून टाकलं. चिकटवलेल्या नावांचं त्यांना वावडं नव्हतं. त्यांचं स्वतःचं शिंपलेबाई हे नाव संग्रहालयाच्या फाटकावरच्या दारवानाने पाडलं होतं आणि आता संचालकही भर बैठकीत तेच वापरत. यादीवालीने सगळं समजावून सांगितलं होतं. पाण्याखाली अडीच किलोमीटरवर जिथे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं आणि त्यातल्या खनिजांची उभी धुराडी तयार होतात, तिथला धातू एका कंपनीला खणून काढायचा आहे. हरकती घ्यायला सहा आठवडे आहेत. फक्त तिथेच राहणारा एखादा प्राणी दाखवता आला तर तो यादीत जाईल आणि मग ती जागा बंद करून घेता येईल. पण त्या प्राण्याला नाव हवं, त्याचं शास्त्रीय वर्णन लिहिलेलं हवं, ते कुणीतरी छापायला स्वीकारलेलं हवं. "बिननावाच्या जिवाला यादीत जागा नसते हो," ती म्हणाली होती. "वाचवा म्हणायचं, तर कुणाला ते लिहायला नको का?"

आणि बरणीवर बाईंच्याच अक्षरात, शाई तपकिरी पडलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: गोगलगाय, नवी, नाव द्यायचे आहे.

आता इतकं सगळं समोर असताना बाई नाही का म्हणाल्या, तर टेबलाच्या खणात एक पत्र होतं म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी आलेलं, इतक्या वेळा उघडून वाचलेलं की घडीवर कागद फाटायला आला होता. त्याच कंपनीचं पत्र. भाषा अदबीची. खणण्याचा परवाना मिळाला की काम सुरू करण्यापूर्वी आम्ही त्या जागेची पाहणी करणार आहोत, पाणबुडीच्या दोन फेऱ्या होतील, शंखशिंपल्यांची जाणकार व्यक्ती सोबत हवी, खिडकीजवळची जागा आपल्यासाठी राखून ठेवत आहोत. परवाना मिळाला तर पाहणी आणि पाहणी झाली तर पाणबुडी. जागा बंद झाली तर यातलं काहीच नाही. हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यांनी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड विकत घेतले होते, कारण खाली फार गारठा असतो असं त्यांना माहीत होतं. ते त्यांना सारथीने सांगितलं होतं.

सारथी म्हणजे पाणबुडी चालवणारा. जहाजावर सगळे त्याला याच नावाने हाक मारत. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या आणि सतरा दिवसांच्या त्या सफरीत रोज सकाळी आपला क्रम किती पुढे सरकला ते भिंतीवरच्या कागदावर बघून येत. पाणबुडीत तिघांची जागा, त्यात एक सारथी. उरलेल्या दोन जागांसाठी अकरा शास्त्रज्ञ टपलेले, आणि दगडवाले भूशास्त्रज्ञ आधी, जीववाले नंतर, असा कुणीतरी घालून ठेवलेला नियम. बाईंचा क्रम शेवटून दुसरा. त्यांच्या पाळीच्या आदल्या दिवशी सारथी आठ तास खाली राहून वर आला तो ओठ निळे झालेले, डोक्याला लोकरीची टोपी तशीच, आणि कपडेही न बदलता बाईंच्या टेबलाशी एक बादली पालथी घालून बसला. पाणबुडीच्या पुढच्या डब्यातून सहा गोगलगायी आल्या होत्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या, शंखावर तपकिरी, केसाळ साल, आणि बाईंनी बघताक्षणीच ओळखलं होतं, की ही आपण कशातच वाचलेली नाही. त्या क्षणी त्यांना काय वाटलं हे त्यांनी पुढे कुणाला सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ते नेहमी फसलं. आनंद म्हणावा तर त्यात भीती होती, आणि भीती कशाची तर हे आत्ता संपेल याची. मग सारथी बोलायला लागला. तीन पुरुष उंच धुराडं, त्याच्या तोंडातून धूर निघतो असं वाटतं पण तो धूर नाही, काळं पाणी आहे. समोरून जाल तर भाजून निघाल, मागून जायचं. मागच्या अंगाला, ऊब नुसती लागेल अशा ठिकाणी, दाराएवढी जागा, आणि त्या दारभर या बसलेल्या, एकीला एक लागून, सुई टोचायला फट नाही. आणि पाणी गरम असल्यामुळे सगळं थरथरतंय. "उद्या तुम्हाला दाखवतो," तो म्हणाला. "डावीकडच्या खिडकीशी बसा. डावीकडून बरं दिसतं."

तो बोलत होता आणि बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातून एक असं काम झालं की जे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून झालं असतं तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. पाच गोगलगायी त्यांनी फॉर्मॅलिनमध्ये घातल्या आणि त्यात टाकणखार टाकायला विसरल्या. टाकणखार नसला की फॉर्मॅलिन आंबट होतं आणि आंबटपणा चुना खातो. शंख म्हणजे दुसरं काय, चुनाच. जहाज किनाऱ्याला लागून पेट्या उघडेपर्यंत चार महिने गेले, आणि बरणीत बाईंना दिसले ते पाच मऊ, उघडे देह आणि भोवती लोंबणारी केसाळ साल, आत शंखाचा मागमूस नाही. सहावी वाचली, कारण ती सारथीच्या तळहातावर होती. बोलण्याच्या नादात तो तिला हातात घेऊन बसला होता. शेवटी परत दिली तेव्हा जवळ स्पिरिटची बाटली होती म्हणून तिच्यात गेली. बाईंनी ही चूक कुणाला सांगितली नाही. नमुने अपुरे आहेत, एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाटा उठल्या. पाणबुडी उचलून पाण्यात सोडणारी यारी हलायला लागली आणि कप्तानाने मान हलवली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्या भागात थांबायची मुदत संपली आणि जहाज वळलं. बाई मोजे घालून तयार होत्या, ते काढायचं त्यांच्या संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही. त्यानंतर तीनदा संधी येते येते म्हणाली. एकदा ती पाणबुडीच मोडीत निघाली, एकदा आई आजारी होती, आणि एकदा डॉक्टरने रक्तदाबाच्या पट्ट्याकडे बघून ओठ मुडपले. या सगळ्या काळात बाईंनी शेकडो गोगलगायींना नावं दिली, दुसऱ्यांनी आणलेल्या, दुसऱ्यांनी पाहिलेल्या. फक्त हिला दिलं नाही. आधी ती जागा आपल्या डोळ्यांनी बघायची आणि मग लिहायचं, हे त्यांनी स्वतःला एखाद्या तत्त्वासारखं सांगितलं होतं, आणि तत्त्वाचं सोंग इतकं छान वठलं होतं की त्या स्वतःच त्याला भुलल्या होत्या. सारथीवर तुझा जीव होता का, असं थोरल्या बहिणीने, ताईने, एकदा भाजी निवडताना विचारलं होतं. त्याच्या केबिनमध्ये बायकोचा आणि दोन मुलींचा फोटो होता आणि बाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. तो हवा होता असं नाही. त्याने पाहिलेलं हवं होतं. आता ही दोन प्रकारची ओढ नेमकी कुठे वेगळी होते हे त्यांनी कधी भिंगाखाली धरलं नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या काढणं हाच तर त्यांचा धंदा होता.

संध्याकाळी त्या बसने घरी गेल्या. बस अर्धी रिकामी असूनही उभ्याच राहिल्या. चार मजले चढताना दुसऱ्यावर थांबायची सवय होती, ती त्यांनी गेल्या तीन आठवड्यांत मोडून काढली होती. पाणबुडीच्या तोंडातून शिडीने आत उतरावं लागतं, दम टिकायला हवा. ताई जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. हिशेब चुकला की तिला वासच येतो. जेवताना तिने दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. बाईंनी सांगून टाकलं, फोनचं, पत्राचं, सगळं. ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिने ताटातला घास संपवला, पाणी प्यायली आणि गणित मांडावं तसं मांडलं.

"समजा तू गेलीस. बघून वर आलीस. मग ते खणणार. तू बघितलेलं कुणाला दाखवशील?"

"मला कुणाला दाखवायचं नाहीये, ताई. मला बघायचंय."

"मग जा," ताई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पुढचे आठ दिवस बाईंचे चांगले गेले नाहीत. यादीवालीला फोन करावा असं रोज सकाळी वाटे आणि दुपारपर्यंत त्या इच्छेला फाटे फुटत. एका गोगलगायीने परवाना अडेल कशावरून? आपण नाही म्हटलं तरी दुसऱ्या कुणाकडे काही असेलच की. आणि खणण्यापूर्वी निदान कुणी जाणत्या माणसाने ते बघितलेलं बरं नव्हे का, मरणाऱ्याच्या उशाशी कुणीतरी असावं तसं? हा शेवटचा विचार सुचला तेव्हा बाईंना स्वतःची शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून ओढ कमी होत नाही. डोळे मिटले की ते दार दिसे, थरथरणारं, भरलेलं, आणि त्या दाराशी बावीस वर्षं कुणी गेलेलं नव्हतं. आपण इथे बसने येतो-जातो, बरण्या भरतो, बैठकांना बसतो, आणि त्याच वेळी तिकडे काळोखात त्या एकमेकींना लागून बसलेल्या असतात. या क्षणी. या क्षणीसुद्धा. हे "सुद्धा" बाईंना कितीदा तरी हातातलं काम थांबवून खिडकीशी घेऊन जाई, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा जिना असे.

नवव्या दिवशी त्यांनी सारथीला फोन केला. कारण काढलं ते तयारीचं: जायचं ठरलंच तर काय बघायचं, कुठल्या बाजूने, किती वेळ मिळतो. त्याचा नंबर त्यांच्याकडे होता. वर्षाकाठी एखादा खुशालीचा निरोप, त्याच्या मुलींची लग्नं, त्याचं निवृत्त होणं. एक कान गेला होता, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता. बाईंचा आवाज त्याने लगेच ओळखला आणि पत्राचं ऐकून मनापासून खूश झाला. तुम्हाला न्यायचं राहून गेलं ते डोक्यातून गेलं नाही हो कधी, असंही म्हणाला. बाईंनी कागद-पेन्सिल घेतली. त्याने धुराडं सांगितलं, मागची बाजू सांगितली, ऊब सांगितली, आणि बाईंना एकेक शब्द पाठ होता, तरी त्या लिहून घेत राहिल्या. मग त्याचा मोठा आवाज एकदम खाली आला.

"एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती, बाई. त्या सहा उचलताना यंत्राचा हात जरा जोरात टेकला. अर्धं दार सुटलं आणि खाली गेलं. त्यांच्यासकट."

"किती होत्या?"

"दोन-चार हजार असतील. मी दिवा वळवून बघितलं. नुसता गाळ उठलेला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या खुशीत ऐकत होतात," तो म्हणाला. "मला सांगवेना. आता जाताय तर चालवणाऱ्याला म्हणावं, सांभाळून. पण खरं सांगू, एवढं मोठं धूड ते, किती सांभाळणार? आणि ते दिवे. त्यांनी जन्मात उजेड बघितलेला नसतो."

फोन ठेवल्यावर बाईंनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पालथी बादली, निळे ओठ, न थांबता बोलणारा माणूस. आयुष्यातला सर्वांत सुंदर तास कोणता, असं कुणी विचारलं असतं तर बाईंनी तोच सांगितला असता, आणि तो तास तसाच होता, त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त तो माणूस इतका का बोलत होता ते आता कळलं. जे सांगायचं नव्हतं त्याच्या भोवती तो बोलत होता. ती सहावी इतका वेळ त्याच्या हातात का राहिली, तेही कळलं. बाईंना त्याचा राग आला नाही. राग यायला हवा होता असं वाटून त्यांनी वाट बघितली, पण आला तो नुसता एक मोठा हुंदका, दुपारी साडेतीनला, दार उघडं असलेल्या खोलीत, आणि त्यांनी तो येऊ दिला. आपल्यासाठी त्या सहा आणल्या होत्या. आपल्याला बघायला मिळावं म्हणूनच दोन-चार हजार गेल्या होत्या, आणि आपण परत निघालो होतो, उरलेलं अर्धं बघायला.

मग त्या उठल्या, तोंड धुतलं आणि दोन्ही बरण्या टेबलावर घेतल्या. आधी यादीवालीला फोन केला. त्या दिवशी मी खोटं बोलले, माझ्याकडे सहा आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. मग मुलीने का म्हणून विचारलं नाही, किती दिवस लागतील ते विचारलं. बाईंना ती तिथेच आवडली. काम एकोणीस दिवस चाललं. शंख विरघळलेल्या पाच देहांतून दातांची पट्टी, कल्ले, सगळं सहज मोकळं होऊन हाती आलं. बावीस वर्षं लपवलेली चूक कामाला आली याचं त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली, आणि वर्णनात त्यांनी ती चूक कबूल करून टाकली, टाकणखारासकट. सहावीचा मात्र डीएनए तपासायला तुकडा काढावा लागणार होता, पायाचा, तांदळाच्या कणीएवढा. पातं टेकवून त्या दोनदा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी तुकडा कापला. नाव दिलं ते कुणा माणसाचं नाही. लॅटिनमधला एक साधा शब्द घेतला, ज्याचा अर्थ उरलेली. वर्णनात राहण्याची जागा लिहायची असते आणि ती कुणी पाहिली तेही. तिथे बाईंनी लिहिलं: पाणबुडीच्या चालकाने सांगितल्याप्रमाणे, लेखिकेने पाहिलेली नाही. ते वाक्य टंकताना जितकं दुखेल असं वाटलं होतं त्याहून जास्त दुखलं. सहाव्या नमुन्याला लाल चिठ्ठी लागली, नाव याच्यावरून ठरलं अशी. आता तो मूळ नमुन्यांच्या कपाटात जाणार होता, जगातला कुणीही तो बघायला मागू शकत होता, आणि झाकणाशी स्पिरिट कमी झालं का हे बघायचं काम दुसऱ्याच कुणाचं होतं.

वर्णन स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी यादीवाली स्वतः कागद घेऊन आली. आवाजावरून वाटली होती त्याहून थोराड, पावलांना जाड बूट, आणि बसल्या बसल्या तिने आधी भिंग मागून घेऊन गोगलगाय नीट बघितली. मग दोघींनी हरकतीचा अर्ज भरला. पाण्याची खोली, जागा, दिसलेली संख्या, गेलेली संख्या. किती परिसर बंद करायचा याचा आकडा बाईंनी सांगितला तेव्हा तिने एकदा मान वर केली आणि निमूट लिहिला. शेवटच्या पानावर एक चौकट उरली. संशोधनासाठी जाणाऱ्यांना सवलत ठेवता येते, तिने सांगितलं. बहुतेक ठिकाणी ठेवतात, समितीचीही हरकत नसते. पेन तिने चौकटीवर धरलंच होतं.

"तुम्हाला स्वतःला कधी जावंसं वाटलं, तर राहू दे, नाही का?"

शिंपलेबाईंनी अर्ज आपल्याकडे वळवून घेतला, ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि परत तिच्याकडे सरकवला.

"जावंसं तर मला रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "सवलत ठेवू नका."

यादीवालीने चौकटीत आडवी रेघ मारली आणि सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिलं.